चौथ्या ताटातला भंडारी

मिरची कुटायचा डंक बंद होऊ दे, मग सांगते. त्या दणदणाटात सांगायची ही गोष्ट नाही, हळू बोलावं लागतं. तुमची मिरची अजून भाजायचीय, कुटायचीय, वेळ आहे तसाही. बसा त्या पोत्यावर. बेडगी आहे, टोचायची नाही.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. आम्ही ज्या कंपनीचा हिंग विकतो, तिनं मुंबईतल्या दुकानदारांना बक्षीस म्हणून जहाजाची सहल दिली. बॅलार्ड पिअरहून निघायचं, दर्यात राहायचं, गोवा बघायचा आणि परत. एका दुकानाला दोन माणसं. पण एप्रिल म्हणजे लालबागच्या मसाला गल्लीत श्वास घ्यायलाही सवड नसते. माझा नवरा जयवंत म्हणाला, "मी हललो तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. पद्मजा, तू जा. आईंना घेऊन जा."

मला हसूच आलं. आईंना म्हणजे माझ्या आईला, बकुळाला. ती आमच्याजवळच, समोरच्या चाळीत राहते. चाळीस वर्षांत तिनं समुद्राकडं तोंड केलं नव्हतं. विसर्जनाला अख्खं लालबाग चौपाटीला जातं, ही भारतमाता सिनेमापासून मागं फिरायची. त्याला कारण होतं.

माझे बाबा, लवू, गिरणीत लूमवर होते. संप झाला तेव्हा मी शाळेत होते. एक वर्ष गेलं, दुसरं लागलं, गिरणीचा भोंगा काही वाजेना. बाबांना स्वयंपाक फार छान यायचा. लग्नाआधी ते गावकीच्या खोलीत राहायचे, तिथं गावातल्या सगळ्या माणसांना तेच रांधून घालायचे. म्हणून गाववाल्या एकानं त्यांना एका मालवाहू जहाजावर चिकटवलं. भंडारी म्हणून. जहाजावरच्या स्वयंपाक्याला तेव्हा भंडारी म्हणत, जातीशी त्याचा संबंध नाही. आई त्यांना बंदराच्या फाटकापर्यंत सोडून आली. कोपऱ्यावरच्या इराण्याकडं त्यांचे दोन फोन आले. नंतर जहाज कंपनीचा माणूस आला आणि दारातूनच म्हणाला, "तुमचा माणूस बंदरात उतरून पळाला. आमची जबाबदारी संपली."

एवढंच. मेला असं कुणी म्हणालं नाही, पळाला म्हणाले. मग चाळीतल्या नळावर बायकांची तोंडं सुटली. तिकडं दुसरी केली असेल, अरबाकडं मजा मारत असेल. आई मात्र सकाळी कपाळावर कुंकू रेखायची आणि ह्याच दुकानासाठी मिरच्यांचे देठ खुडायला बसायची. त्याच्यावर मी वाढले. पुढं ह्याच दुकानात सून म्हणून आले. बाबांचं नाव मात्र आमच्या घरात कुणी काढायचं नाही. मला वाटायचं, गेले असतील खरंच. पोट जाळायला माणूस काय काय करतो.

तर अशा बाईला मी जहाजाचं विचारलं. तिनं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मी येतंय."

जहाज म्हणजे जहाज नव्हतंच ते. आपला एखादा टॉवर आडवा करून पाण्यात सोडलेला. गालिचे, काचेची लिफ्ट, झुंबरं. लोक फोटो काढत होते. आई मात्र गणवेशातला माणूस दिसला की त्याला धरायची. "भंडारी खंय असता हो?" तो हसून इंग्रजीत काहीतरी बोलून निघून जायचा. मी म्हटलं, "आई, आता शेफ म्हणतात. आणि शेकडो असतील इथं."

"एक तरी दाखवा म्हणा," ती म्हणाली.

शेवटी एकाला शब्द कळला. पन्नाशीचा, कानाजवळ केस पिकलेला, काळ्या जाकिटातला. छातीवर नाव होतं, हरेश्वर. वरळी कोळीवाड्यातला निघाला. तो एकदम थांबला. "भंडारी? आई, हा शब्द कैक वर्षांनी ऐकला. माझा मामा बोलायचा. आता कोण नाय बोलत."

"माझो घोव भंडारी होतो," आई म्हणाली. माझा नवरा भंडारी होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी ते वाक्य तिच्या तोंडून ऐकलं.

हरेश्वरनं इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाला, "आतल्या किचनमधे प्रवाशांना सोडत नाय, आई. पण माझ्या रेस्टॉरंटात या. तिथं स्वयंपाकी स्वतः टेबलावर येतो. उद्या दुपारी दोन जागा करतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज भर दर्यात होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि ती खोली मात्र बिनखिडकीची, गार. पंधरावीस टेबलं, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ. प्रत्येकाच्या पुढ्यात एक मोठं, पांढरं, रिकामं ताट. आमच्या टेबलावर दादरचे दुकानदार हेरंबशेठ आणि त्यांची बायको मंजुळा बसले होते. त्यांचं पहिलं, तिचं दुसरं, माझं तिसरं आणि आईचं चौथं, अशी ताटं.

दिवे मंद झाले. छतातल्या यंत्रांतून ताटांवर उजेड पडला, आणि माझ्या ताटाच्या मधोमध चक्क एक भोक उघडलं! त्यातून अंगठ्याएवढा एक स्वयंपाकी वर चढून आला. उंच पांढरी टोपी, पीळ दिलेल्या मिशा. चित्रच होतं ते, सिनेमासारखं वरून पाडलेलं, पण इतकं हुबेहूब, की मंजुळा किंचाळलीच. तो चिमुकला कपाळावरचा घाम पुसत भलंमोठं गाजर ढकलत आणायचा, करवतीनं कापायचा, पाय घसरून आपटायचा. सगळी खोली हसत होती. त्याचं सगळं रांधून झालं की दिवे लागणार आणि तेच जेवण खरोखरीचं आपल्यापुढं येणार, अशी ती गंमत.

हेरंबशेठ म्हणाले, "काकूंचा मेनू वेगळा दिसतोय. इंडियन सांगितलंत वाटतं?"

मी आईच्या ताटाकडं पाहिलं.

तिथं टोपीवाला नव्हता. तिथं कुणीतरी उकिडवं बसलं होतं. आमच्याकडं पाठ. खाकी हाफ पँट, अंगात भोकं पडलेली गंजी, डोक्याला पंचा गुंडाळलेला. पुढ्यात स्टोव्ह आणि त्याच्यावर पातेलं. बाकीच्या ताटांवरचे रंग भडक होते. ह्याचे मळके, खरे. गंजीला पाठीवर घामाचा डाग होता, तो पसरताना दिसत होता.

मला वाटलं, आहे बुवा, देशी नमुनाही ठेवलाय. मी कौतुकानं वाकले. वाकले तर वास आला. ओलं लोखंड, डिझेल, आणि शिजणाऱ्या तांदळाचा.

त्या माणसानं डाव्या पायाची पोटरी पळीच्या दांड्यानं खाजवली. मग पळीतला एक थेंब तळहातावर घेतला, फुंकला, चाटला.

आईनं टेबलाची कड घट्ट धरली. "पद्मा… बापूस तुझो."

"आई, चित्र आहे ते."

"पोटरी बघितलंस मा?"

"हे बघ." मी हात लांबवून हेरंबशेठांच्या ताटावर धरला. टोपीवाला लगेच माझ्या हातावर चढला, माझ्या मनगटावर गाजर कापू लागला. "दिसलं? वरून उजेड पडतो. आपण हात घातला की हातावर येतो. खरं काही नसतं."

आणि तसाच मी हात आईच्या ताटावर नेला.

माझ्या हातावर काहीच आलं नाही. हात अंधारातच राहिला. तो माणूस हाताच्या खाली होता. बोटांच्या फटीतून मला त्याचा पंचा दिसत होता. तळहाताला वाफ लागत होती… ऊब. मी हात मागं घेतला तेव्हा त्यानं मान वर केली होती. दिवा मधेच मंद झाला की आपण बघतो ना वर, तसा तो वर बघत होता.

तोंड दिसलं. माझ्याहून लहान होते बाबा. तिशीतले.

फटकन दिवे लागले, टाळ्या वाजल्या. ताट पुन्हा पांढरं, रिकामं. वेटरनी गरम जेवण आणून ठेवलं. हेरंबशेठ म्हणाले, "काय टेक्नॉलॉजी आहे, वा!" आणि खाली मान घालून जेवायला लागले. आईनं अन्नाला हात लावला नाही. मी म्हटलं, "जेव गं थोडं." तर म्हणाली, "त्याचा अजून खंय झाला? भात चुलीवर हा त्याचो."

हरेश्वर आमच्या मागं उभा होता. हातातला पाण्याचा जग त्यानं पोटाशी धरला होता. आईच्या ताटाकडं बघत होता.

भ्यायला पाहिजे होतं, नाही? भीती होतीच. पण खरं सांगू का, भीतीहून मोठं दुसरंच काहीतरी होतं. पुढं काय झालं? माझ्या आईच्या आयुष्यात त्याच एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि आता ते कुठंतरी अर्धवट शिजत होतं. आम्ही दोघी केबिनमध्ये समोरासमोर बसलो. आई हात मांडीवर ठेवून बसली होती. दवाखान्यात नंबर यायची वाट बघतात, तशी.

सकाळी जहाज मुरगाव बंदराला लागलं. सगळे गोवा बघायला उतरले. आई उतरायला तयार नाही, म्हणून मीही थांबले. जेवणाच्या सुमाराला दारावर टकटक झाली. हरेश्वर होता. डोळे लाल.

"ताई, एक बोलायचं होतं," तो म्हणाला. "मी त्या मशीनवाल्याला विचारलं. बोलला, आमच्याकडं एकच सिनेमा आहे, टोपीवाल्याचा. दुसरा नायच. आणि…" त्यानं आईकडं पाहिलं. "आणि तुमच्या टेबलाच्या चौथ्या ताटावरचं मशीन बिघडलेलंच आहे. मुंबईला गेल्यावर बदलणार. काल जागाच नव्हती म्हणून आईंना तिथं बसवलं. म्हटलं, त्या तुमच्या ताटात बघतील. त्या ताटात काय दिसायलाच नको होतं."

"तुम्हाला दिसलं?" मी विचारलं.

"पंचा बांधलेला. स्टोव्हजवळ." त्यानं डोक्याभोवती बोट फिरवून दाखवलं. "माझा मामा पण तसाच बांधायचा पंचा, इंजिनाच्या उष्म्यात. माझ्या डोळ्यांसमोरनं हलत नाय ते."

आई उठली. पायात चपला घातल्या. "चल बाबा," ती हरेश्वरला म्हणाली. "उघड तुजा हॉटेल."

"बंद आहे, आई. बंदरात लागलं की बंद ठेवतात. मशीन सगळीच बंद. काय दिसायचं नाय."

"काल बंद मशिनीत दिसलाच मा?"

त्यानं उघडलं. रिकामी खोली, सगळ्या खुर्च्या टेबलांना टेकवलेल्या, काटेचमचे आणि पेले रात्रीसाठी मांडलेले. जहाज उभं असल्यामुळं कसला आवाज नाही, पायाखाली थरथर नाही. आई आपल्या कालच्या खुर्चीवर बसली. हरेश्वरनं तिच्यापुढं रिकामं ताट ठेवलं आणि टेबलाच्या पलीकडं उभा राहिला. मी आईच्या शेजारी.

"बत्ती घालव," आई म्हणाली.

मिट्ट काळोख झाला. बिनखिडकीच्या खोलीत दुपारही रात्रच. मला फक्त तिघांचे श्वास ऐकू येत होते. कितीतरी वेळ काही नाही. मी म्हणणार होते, चल आई, उठ… तेवढ्यात वास आला. आधी वासच आला. डिझेल, ओलं लोखंड. मग रटरट आवाज. मग ताटाच्या मध्यावर पिवळट उजेड पसरला. वरून नव्हे, खालून, ताटातूनच आल्यासारखा. स्टोव्हचा उजेड.

बाबा तिथंच होते. काल जिथं थांबलं होतं, तिथूनच.

आई हळूहळू बोलू लागली. आमच्याशी नाही, त्यांच्याशीही नाही. स्वयंपाकघरात बाजूला बसून बाई बोलते ना, तसं. "आता शीत दाबून बघतलो… हां. बघितल्यान. आता निखळ पाणी घालतलो वायच…" ती म्हणायची आणि बाबा तेच करायचे. तिला त्यांचं रांधणं पाठ होतं. मला काही आठवत नव्हतं, मी नुसती बघत होते. त्यांच्या मानेवर एक तीळ होता. मला माहीतच नव्हता तो.

मग बाबांनी पातेल्यावर झाकण ठेवलं, डोक्याचा पंचा सोडला, त्याच्या दोन्ही टोकांचे बोळे करून पातेल्याचे कान धरले आणि उभे राहिले.

"भात वेळूक निघालो," आई कुजबुजली.

आमच्याकडं भात भरपूर पाण्यात शिजवतात आणि वरचं पाणी निथळून टाकतात, त्याला वेळणं म्हणतात. घरी मोरीत वेळतात. जहाजावर कुठं वेळणार?

पातेलं घेऊन बाबा चालू लागले. ताटाच्या काठाशी आले… आणि ताटाच्या बाहेर उतरले. टेबलक्लॉथवर. त्यांच्याबरोबर तो पिवळा उजेड सरकत होता, आणि त्या उजेडात कापड कापड वाटत नव्हतं, ओला लोखंडी डेक वाटत होता. टेबलाच्या कडेकडं निघाले ते. जिथं हरेश्वर उभा होता, तिकडं.

"हरेश्वर…" मी म्हटलं.

"दिसतंय, ताई." तो टेबलावर वाकला. "जहाज नांगरावर आहे त्याचं. लांब दिवे दिसतायत बंदराचे. ताई, मला दिवे दिसतायत…"

मला दिवे दिसले नाहीत. त्याला दिसले.

बाबा कडेशी पोचले. वाकले. झाकण तिरपं करून पाणी ओतू लागले. दोऱ्यासारखी धार, वाफाळलेली, टेबलावरून खाली. हरेश्वरनं पाय मागं घेतला. बाबा आणखी वाकले, पातेल्याचा तळ वर आला, आणि त्याच क्षणाला टेबलावरचे काटेचमचे एका अंगाला घरंगळले. आमचं जहाज जागचं हललं नव्हतं. एक पेला आडवा झाला. बाबांचा उजवा पाय सरकला. त्यांनी पातेलं सोडायला हवं होतं, कठडा धरायला हवा होता. त्यांनी पातेलं सोडलं नाही. आत माणसांचा भात होता.

"सोड रे तां!" आई ओरडली आणि दोन्ही हात पुढं करून टेबलावर आडवी झाली.

काळोख.

मी बटण शोधत धडपडले. दिवे लागले तेव्हा आई टेबलावर ओणवी होती, उजवी मूठ घट्ट मिटलेली. हरेश्वर आपल्या बुटाकडं बघत होता. बूट ओला होता. त्यानं बोट लावलं, वास घेतला, आणि माझ्यापुढं धरलं. पेज होती, वेळलेल्या भाताची. गरम.

मी आईला धरून बसवलं, तिची मूठ सोडवली. मुठीत काही नव्हतं. तळहात मात्र भाजून लालबुंद झाला होता.

"गावलो नाय गो," ती म्हणाली. सापडला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा… तो चेहरा मी तोवर कधी पाहिला नव्हता. कुणीतरी डोक्यावरचा हंडा उतरवून घ्यावा, तसा. "पळाक नव्हतो तो. भात वेळूक गेल्लो. पद्मा, भात वेळूक गेल्लो फक्त."

हरेश्वर खाली मान घालून म्हणाला, "नांगरावर असताना माणूस दिसला नाय, तर सगळे हेच बोलतात, आई. पोहून गेला, पळाला. कोण बघायला जात नाय." मग त्यानं बर्फ आणून तिच्या हातावर ठेवला आणि आम्ही जाईपर्यंत धरून बसला.

मुंबईला परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं कुंकवाची डबी उघडली नाही. मला म्हणाली, "चल भायर." बाहेर चाळीच्या गॅलरीत नळाला पाणी आलं होतं, बायका होत्या. बऱ्याचशा नव्या, पण कमलाबाई जुन्या. ऐंशीच्या पुढच्या. संपाच्या दिवसांत सगळ्यांत जास्त बोलल्या होत्या त्या. आई कपाळ तसंच मोकळं ठेवून सगळ्यांमध्ये जाऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "आमचो माणूस पळाक नव्हतो. जहाजावरसून पडान गेलो. कामावर असताना."

 नळ नुसता वाहत होता. कमलाबाईंनी विचारलं, "तुला कोणी सांगितलं गं, बकुळा?"

"सांगूक कोणी कशाक व्हयो? मी बघलंय."

कमलाबाई हसतील, मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. कळशी खाली ठेवून आल्या आणि आईचा तो भाजलेला हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ सोडला नाही.

बाणगंगेवर बाबांचे विधी केले. जयवंतनं एका शब्दानं मला उलट विचारलं नाही. आई त्या दिवसापासून बदलली. जेवायला लागली, दुपारची झोपायला लागली, गणपतीत थेट चौपाटीपर्यंत चालत गेली आणि पाण्यात पाय बुडवून उभी राहिली. मला वाटलं, संपलं. बरं झालं, चांगलं संपलं.

दिवाळी झाली. पावसाळ्यात ती जहाजं मुंबईत नसतात, ती आता परत यायला लागली होती. एक दिवस भर दुपारी मी इथंच, ह्या गल्ल्यावर बसले होते. फोन वाजला. हरेश्वर. निघताना आम्ही नंबर घेतले होते, सणासुदीला त्याचा मेसेज यायचा.

"ताई, आई बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे की. घरी आहे. का हो?"

"काय नाय… जहाज धक्क्याला लागलंय. रेस्टॉरंट बंद आहे. मी टेबलक्लॉथ बदलायला आलेलो." तो फार हळू बोलत होता. "ताई, चौथ्या ताटात उजेड आहे."

माझ्या हातातलं माप तसंच राहिलं. "बाबा?"

"नाय. ते नाय. एक बाई आहे. पाठमोरी, जमिनीवर बसलेली. मांडीवर सूप. काहीतरी खुडतेय… लाल लाल. देठ बाजूला टाकतेय."

मी गल्ला उघडा टाकून निघाले. फोन कानाला तसाच. रस्ता ओलांडला, चाळीचा जिना चढले, आणि हरेश्वर बोलत होता, जणू मी आंधळी आणि तो मला वाट सांगतोय. "हात थांबलेत तिचे… काहीतरी ऐकलं तिनं… आता मान वळवतेय. दाराकडं बघतेय, ताई."

मी दारात पोचले.

आई जमिनीवर बसली होती, मांडीवर मिरच्यांचं सूप. दाराकडं बघत होती. ठणठणीत. "काय गो? धावत कशाक इलंस?" तिनं विचारलं.

मला धाप लागली होती. मी चौकटीला धरून नुसती हसले. दुपारचं ऊन खोलीत पडलं होतं, देठांचा ढीग होता, सगळं रोजच्यासारखं. मी आत गेले आणि तिच्याशेजारी बसले. तिचा हात हातात घेतला. गरम, जिवंत हात. फोन अजून कानाला होता.

"ताई," हरेश्वर म्हणाला, "आता तुम्ही पण दिसताय. बसलात आईंच्या बाजूला. हातात फोन आहे."

"हो," मी म्हटलं. "आहोत आम्ही दोघी. बरं आहे सगळं."

पलीकडं त्याचा श्वास ऐकू येत होता, मोठा होत चाललेला. मग त्यानं विचारलं,

"दोघी? … ताई, नीट बघा. तिघं दिसताय तुम्ही मला. तिसऱ्यानं डोक्याला पंचा बांधलाय."